सुट्या भागासाठी दूरचा प्रवास

उल्हास नदीच्या आश्रयाने वसलेल्या गावांना जुलै महिन्याचे भय नवे नाही. २०१९ सालच्या जुलैच्या २६ व २७ तारखांना बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकून पडली, आणि हजारावर उतारूंना पाण्यातून सुखरूप बाहेर काढावे लागले, ही वार्ता साऱ्या देशाने ऐकली. परंतु त्याच पाण्यात बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर येथील सखल भागांत घरांखाली उभी असलेली जी वाहने बुडाली, त्यांची कथा त्या त्या घराच्या उंबरठ्याबाहेर फारशी गेली नाही. मोटार नवी असली तर तिच्या धन्याला विमा कंपनीचे आणि विक्रेत्याचे दार ठोठावता येते. मोटार पन्नास वर्षांची असली तर त्याने कोणाचे दार ठोठावावे? आणि तिचा एखादा मुख्य भागच निकामी झाला तर तो कोठून, कसा आणि कोणती काळजी घेऊन घरी आणावा? या प्रश्नांचा उलगडा एका कल्पित परंतु सहज घडण्याजोग्या उदाहरणाने चांगला होईल.

समजा, बदलापुरातील एका गृहस्थाच्या वडिलांनी १९७३ साली घेतलेली फियाट मोटार त्या पुरात उभी होती. पाणी ओसरले, मोटार धुऊन पुसून कोरडी झाली, आणि चार दिवसांनी घरच्या मंडळींनी उत्सुकतेने किल्ली फिरवली. इंजिन अर्धामुर्धा फेरा घुमले आणि धाडकन अडले. मेस्त्रीला बोलावणे गेले. त्याने प्लग काढून आतील पाणी बाहेर काढले, तेल बदलले, आणि मोटार पुन्हा चालू लागली. सर्वांना हायसे वाटले. पुढे महिन्याभराने कल्याणच्या रस्त्यावर चांगल्या वेगात असताना इंजिनातून मोठा आवाज निघाला, मोटारीखाली तेलाचे थारोळे साचले, आणि पाहतात तो इंजिनाच्या कुशीला मुठीएवढे भगदाड पडलेले!

हे असे का व्हावे? इंजिनाच्या नळकांड्यात दट्ट्या वर सरकतो तेव्हा तो आतील हवा व पेट्रोलची वाफ दाबून सुमारे आठव्या हिश्शात कोंबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. नळकांड्यात पाणी साचलेले असता किल्ली फिरवली म्हणजे दट्ट्या जणू दगडावर आदळतो, आणि त्याला खालच्या दांड्याशी जोडणारा कनेक्टिंग रॉड किंचित वाकतो. हे वाकणे बाहेरून दिसत नाही आणि इंजिनही चालते. परंतु मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांच्या ताणाखाली तो वाकलेला रॉड दुबळा होत जातो आणि एके दिवशी मोडतो. मोडलेले टोक फिरत्या दांड्याबरोबर गरगरते आणि शेजारची भिंत फोडून बाहेर येते. ज्या ओतीव पेटीत चारही नळकांडी कोरलेली असतात तिला ब्लॉक म्हणतात. त्या ब्लॉकलाच हे भगदाड पडलेले असते.

ब्लॉक फुटला म्हणजे मोटारीचा कणाच मोडला असे समजावे. हा ब्लॉक ओतीव लोखंडाचा असतो. कारागीर या लोखंडाला बीड म्हणतात. बीड दाबाला फार टणक, परंतु धक्क्याला ठिसूळ असते. त्याला जोड देण्यासाठी एका ठिकाणी तापवावे तर ती जागा फुगते, आणि निवताना शेजारी नवा तडा जातो. लहानसा तडा न तापवता, धातूच्या खुंट्या ठोकून शिवण्याची विद्या काही कारागिरांजवळ आहे. परंतु जेथे तुकडेच उडाले आहेत, आणि तेही फिरत्या दांड्याच्या बैठकीजवळ, तेथे अशा शिवणीवर भरवसा ठेवता येत नाही. मग नवा ब्लॉक ओतून घ्यावा काय? त्यासाठी आधी लाकडी नमुना, मग वाळूचा साचा, पाणी खेळविणाऱ्या पोकळ्यांसाठी वाळूचेच गाभे, आणि ओतल्यानंतर कित्येक पृष्ठांचे व छिद्रांचे अचूक यंत्रकाम एवढे सारे करावे लागते. हजार ब्लॉक ओतावयाचे असतील तर हा खर्च हजारांवर विभागला जातो. एकच ओतावयाचा असेल तर तो सर्व एकाच्याच माथी बसतो. तेव्हा त्याच जातीच्या दुसऱ्या मोटारीचा धडधाकट ब्लॉक शोधून आणणे, हाच सरळ उपाय उरतो.

येथे दैवाचा एक खेळ पाहण्याजोगा आहे. ही मोटार परदेशातून आलेली नव्हती. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली वाहने बाहेर पडू लागली. आरंभी अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या मोटारी व मालमोटारी तेथे जुळविल्या जात. १९५४ पासून इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही मोटार आली, १९६४ साली तिचे डिलाइट हे रूप आले, आणि पुढे १९७४ च्या सुमारास तिलाच प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. बदलापूरहून लोकल गाडीने कुर्ला तासाभराच्या वाटेवर. एवढेच नव्हे, तर १९९० नंतरच्या दशकात याच कंपनीच्या कल्याण-डोंबिवली परिसरातील कारखान्यात प्यूजो नावाची फ्रेंच मोटारही तयार होत असे. म्हणजे मोटारीचे माहेर अगदी दारात होते. परंतु विसावे शतक सरता सरता पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत या जातीच्या शेवटच्या गाडीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली, आणि टॅक्सीला घालून दिलेली वीस वर्षांची मुदत संपताच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. माहेर बंद झाले म्हणजे लेकी जेथे जेथे दिल्या तेथेच चौकशी करावी लागते. तसे या मोटारींच्या भागांचे झाले आहे.

चौकशीचा आरंभ अर्थातच जवळून करावा. कुर्ल्याचा जुन्या मोटारभागांचा बाजार आणि मुंबईचा चोरबाजार या दोन ठिकाणी फेरी घातल्यावाचून पुढचे पाऊल टाकू नये. दिवे, दारांच्या कड्या, कार्बुरेटर, डायनामो असे लहानसहान भाग तेथे अजून हाती लागतात. ब्लॉकची गोष्ट निराळी आहे. मुंबईतील बहुतेक इंजिने टॅक्सीत राबलेली. वर्षानुवर्षे दिवसरात्र धावून त्यांची नळकांडी झिजली, ती पुन्हा पुन्हा कोरून मोठी केली गेली, आणि अखेरीस भिंतीच पातळ झाल्या. याउलट जिल्ह्याच्या गावी एखाद्या डॉक्टराने वा वकिलाने बाळगलेली मोटार बहुधा आठवड्यातून दोनदा बाहेर निघे. अशी मोटार पत्रा कुजल्यामुळे निकालात निघाली असली, तरी तिच्या पोटातले इंजिन पुष्कळदा शाबूत असते. म्हणून शोधकाची दृष्टी शहराकडून गावाकडे वळावी हे स्वाभाविक आहे. या गृहस्थांना असा एक ब्लॉक कोल्हापुराकडे असल्याचा सुगावा लागला असे धरून चालू.

मग तो मालवाहू कंपनीकडून का मागवू नये? घरबसल्या काम होईल, प्रवासाचा शीण वाचेल. परंतु या एका प्रश्नाच्या उत्तरातच सर्व विषयाचे मर्म आहे. ब्लॉक चांगला की वाईट हे छायाचित्रावरून कळत नाही. ते हाताला, कानाला आणि मापाला कळते, आणि ते पैसे देण्यापूर्वी कळले पाहिजे. प्रवास करावयाचा तो ओझे वाहण्यासाठी नव्हे; परीक्षा करण्यासाठी.

ही परीक्षा पाच प्रकारची आहे. पहिली कानाची. ब्लॉक लाकडावर टेकवून लहान हातोडीने ठिकठिकाणी हलके ठोकावे. धड बीड घंटेसारखे वाजते. तडा असलेले बद्द आवाज देते. दुसरी डोळ्याची. जेथे संशय येईल तेथे रॉकेल फासावे, थोड्या वेळाने कोरडे पुसून वर खडूची पूड चोळावी. तडा असला तर त्यात मुरलेले रॉकेल पुन्हा वर येते आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. तिसरी सरळपणाची. वरच्या पृष्ठावर पोलादी पट्टी आडवी, उभी व तिरपी ठेवून खाली फीलर गेजचे पाते जाते काय ते पाहावे. पृष्ठ वाकडे असेल तर वरचे झाकण घट्ट बसणार नाही. चौथी मापाची. या इंजिनाचे नळकांडे मुळात ६८ मिलिमीटर व्यासाचे आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. चार नळकांड्यांचे मिळून १०८९ घनसेंटिमीटर होतात. नळकांडे पूर्वी कोरून मोठे केले असेल तर किती केले, वर आणि खाली माप सारखे आहे की अंडाकृती झाले आहे, आणि त्या मापाचे दट्टे आज मिळतात की नाहीत, हे सारे जागेवर ताडून पाहावे. उत्तम ब्लॉक घरी आणावा आणि त्याला दट्टेच मिळू नयेत, अशी फजिती पुष्कळांची होते.

पाचवी परीक्षा सर्वांत सहज विसरली जाते. खालचा फिरता दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, या इंजिनात तीन बैठकींवर टेकलेला असतो, आणि प्रत्येक बैठकीवर एक एक लोखंडी टोपी बोल्टांनी आवळलेली असते. कारखान्यात या टोप्या ब्लॉकवर बसवून मगच त्यांतून एकाच रेषेत भोक कोरतात. म्हणून एका ब्लॉकच्या टोप्या दुसऱ्याला चालत नाहीत. केसाएवढा फरक पडला तरी दांडा जखडतो. टोप्या वेगळ्या डब्यात पडलेल्या असतात, विकणाऱ्याला त्यांचे महत्त्व ठाऊक नसते, घेणारा घाईत असतो. तीनशे किलोमीटर दूर आल्यावर त्यांची आठवण झाली तर तेवढीच वाट पुन्हा तुडवावी लागते.

यापुढचा भाग कागदांचा आहे, आणि तो लोखंडाइतकाच जड आहे. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर ठोकलेला असतो आणि तोच नोंदणीपुस्तकात लिहिलेला असतो. ब्लॉक बदलला की क्रमांक बदलतो, आणि ती नोंद परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या गावांच्या वाहनांचे कार्यालय कल्याणचे होय. म्हणून विकणाऱ्याकडून सही-शिक्क्याची पावती, जुन्या मोटारीच्या नोंदणीपत्राची नक्कल, आणि ती मोटार निकालात निघाल्याचा पुरावा घेतल्याशिवाय ब्लॉकला हात लावू नये. उत्तरेत मीरत येथील सोतीगंजचा जुन्या मोटारभागांचा बाजार चोरीच्या वाहनांच्या कारणाने पोलिसांनी २०२१ साली बंद पाडला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. स्वस्त मिळालेला अनोळखी क्रमांक महाग पडू शकतो.

कागदांचे दुसरेही एक महत्त्व आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी मोटारीला पुरातन वाहन म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये ठेवली गेली, मुदत दहा वर्षांची, आणि नूतनीकरणाची फी ५,००० रुपये. अशी मोटार रोजच्या वापरास किंवा धंद्यास लावता येत नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती इत्यादींसाठीच ती रस्त्यावर आणता येते. परंतु मुख्य अट अशी की मोटारीच्या सांगाड्यात, अंगात व इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. घाईने दुसऱ्याच जातीचे इंजिन बसविले तर मोटार चालेल, पण वडिलांची फियाट म्हणून तिची जी ओळख आहे ती कागदोपत्री धोक्यात येईल. त्याच जातीच्या ब्लॉकसाठी एवढी यातायात करण्याचे कारण हे आहे.

आता वाटेविषयी. बदलापूर ते कोल्हापूर हा मार्ग सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा आहे. स्वतःची मोटार तर घरी आजारी. तेव्हा लहान टेम्पो भाड्याने घ्यावा, आणि शक्य तर आपला मेस्त्री बरोबर न्यावा. वांगणी, नेरळ, कर्जत करीत खोपोलीस यावे आणि बोरघाट चढावा. या घाटातून गाडीरस्ता १८३० साली, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या अमदानीत, वाहतुकीस खुला झाला. जुन्या रस्त्याने गेल्यास शिंग्रोबाचे देऊळ लागते. इंग्रजांना घाटातली वाट दाखविणाऱ्या धनगराचे हे स्थान, अशी लोककथा आहे, आणि वाहनचालक तेथे आजही हात जोडतात. पुढे पुणे, कात्रज, शिरवळजवळ नीरेचे पात्र, खंबाटकीचा घाट, सातारा, कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे कऱ्हाड आणि मग कोल्हापूर. हा प्रवास पावसाळ्यात करू नये. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेच्या पुराने कोल्हापूरजवळ हा महामार्गच बंद पडला होता. उल्हासेच्या पुराने बिघडलेले काम दुरुस्त करावयास जाऊन पंचगंगेच्या पुरात अडकणे शहाणपणाचे नव्हे.

कोल्हापूर हे या कामाला योग्य गाव आहे. ओतकामाच्या भट्ट्यांसाठी शिरोली व गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींचे नाव आहे, आणि शहरातील शिवाजी उद्यमनगरात लेथ, मिलिंग व बोरिंग करणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. दसऱ्याच्या शाही सोहळ्यात छत्रपतींच्या घराण्याची जुनी जर्मन मेबॅक मोटार लोकांसमोर येते. जेथे असे वाहन आजही रस्त्यावर निघते, तेथे जुन्या यंत्राविषयी नुसते कुतूहल नव्हे तर ममताही असते. म्हणून ब्लॉकचे माप तेथल्या एखाद्या बोरिंगवाल्याकडून पैसे देण्यापूर्वीच तपासून घ्यावे. एका दिवसाचा मुक्काम वाढला तरी चालेल.

परतीचा प्रवास मात्र सावधपणाचा. ब्लॉक म्हणजे दोघांच्या हातांना भार होईल असा ऐवज. तो घासून सपाट केलेल्या पृष्ठावर कधीही उभा करू नये. खाली लाकडी चौकट, तिच्यावर गोणपाट, आणि दोन्ही अंगांना लाकडी पाचरा ठोकाव्यात. टेम्पोने ब्रेक दाबला की टेम्पो थांबतो, परंतु आतले ओझे पुढे जाऊ पाहते. बोरघाटाच्या उतारावर हे विशेष जाणवते. म्हणून दोर चारही दिशांना ताणून बांधावेत, आणि पन्नास-साठ किलोमीटरांनंतर एकदा थांबून ते पुन्हा आवळावेत, कारण हादऱ्यांनी गाठी सैल होतात. नळकांड्यांच्या आतून तेलाचा हात फिरवावा. कोकणची दमट हवा लागताच उघड्या लोखंडावर एका रात्रीत तांबेरा चढतो. टोप्या व बोल्ट क्रमवार खुणा करून वेगळ्या पिशवीत, आणि ती पिशवी चालकाशेजारी, मागे नव्हे. क्रँकशाफ्ट बरोबर असेल तर तो आडवा लोळत ठेवू नये. लांब दांडा नीट आधार नसला तर वाकतो. कागदांची एक नक्कल खिशात असावी, म्हणजे वाटेत विचारणा झाली तर उत्तर तयार राहते.

ब्लॉक घरी आला म्हणजे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे या तीन गावांतच होण्यासारखे आहे. अंबरनाथला विसाव्या शतकाच्या मध्यापासून संरक्षण खात्याचे यंत्रकारखाने व पुढे औद्योगिक वसाहत असल्यामुळे, लेथवर उभे आयुष्य काढलेली, मायक्रोमीटर हातात घेतल्यावाचून मत न देणारी माणसे तेथे भेटतात. उल्हासनगराची तऱ्हा निराळी. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेले निर्वासित उतरले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सर्वस्व मागे टाकून आलेल्या लोकांनी हाताला मिळेल त्यातून नवी वस्तू उभी करण्याची कला तेथे रुजविली. लाकूडसामान व गादीकाम यांचा बाजार तेथे मोठा आहे, आणि पुरात कुजलेली आसने पुन्हा मढवून घेण्यास दूर जावे लागत नाही. असा हा ब्लॉक कोल्हापूरचा, यंत्रकाम अंबरनाथचे, आसने उल्हासनगरची, आणि मोटार बदलापूरची.

एक चिंता मात्र उरते. असे भाग अजून काही वर्षे कोठे ना कोठे सापडतील. परंतु ठोक्याच्या आवाजावरून तडा ओळखणारा, आणि टोप्यांचा क्रम न चुकणारा मेस्त्री आता बहुधा साठीच्या पुढे असतो, आणि त्याच्या हाताखाली शिकणारा पोर क्वचित दिसतो. म्हणून जो कोणी अशा प्रवासास निघेल त्याने टेम्पोत एक जागा तरुण मुलासाठी राखावी. त्याने वाटेत दोर आवळावेत, कोल्हापुरात हातोडीचा आवाज ऐकावा, आणि पाचही परीक्षा आपल्या हाताने करून पाहाव्यात. लोखंड दोरांनी बांधून आणता येते; ही विद्या मात्र पाहून आणि करूनच घरी येते.

आणि ज्यांच्या घराखाली आज एखादी जुनी मोटार उभी आहे, त्यांनी या सर्व खटाटोपाचे मूळ विसरू नये. पुढल्या जुलैत नदी वाढू लागली तर मोटार आधीच उंचावर लोटून न्यावी. ते न साधल्यास पाणी ओसरल्यावर किल्लीला हात लावू नये. बॅटरीची तार सोडावी, चारही प्लग काढावेत, इंजिन हाताने हळूहळू फिरवून पाणी बाहेर जाऊ द्यावे, तेल बदलावे, आणि मगच मेस्त्रीच्या देखत ते चालू करावे. त्या सकाळी एवढे अर्ध्या तासाचे काम झाले असते, तर साडेतीनशे किलोमीटरची वाट धरण्याचे कारणच पडले नसते.